रक्त साकळलं तर किती काढे एकत्र करावेत?

धायरी फाट्यापासून गावाकडे निघालं की दवाखान्यांच्या पाट्या संपत नाहीत. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, मध्येच एखादी ॲक्युपंक्चरची. एकाच घरातले लोक यांतल्या तीन-चार दारांतून औषधं आणतात. मुका मार लागून गुडघा काळानिळा पडला की आजी आंबेहळद उगाळून लावते. आजोबांची अँजिओप्लास्टी झालेली असते आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू असते. साकळलेल्या रक्तावर काहीतरी करायला हवं, हे दोघांनाही मान्य आहे. चिनी वैद्यकात या एका गोष्टीसाठी औषधांचा मोठा वर्गच आहे. पण तिथलेही वैद्य एक पाठ देऊन थांबत नाहीत, ते दोन किंवा तीन पाठ जुळवतात. पाठ म्हणजे ठरलेल्या वनस्पती ठरलेल्या प्रमाणात. ही जुळवणी कशी होते आणि कुठे बिघडते, ते इथे पाहू.

साकळलंय हे ओळखायचं कशावरून

चिनी वैद्याला ‘शुए-यू’, म्हणजे रक्ताचा साकळा, सोनोग्राफीवर दिसलेली गाठच असावी लागत नाही. तो लक्षणं पाहतो. दुखणं एकाच जागी, टोचल्यासारखं आणि रात्री वाढणारं असतं. जीभ जांभळट असते किंवा तिच्यावर काळसर ठिपके असतात. जिभेखालच्या शिरा फुगलेल्या दिसतात, पाळीत काळपट गाठी पडतात. यातलं एखादं लक्षण सापडलं म्हणून निदान होत नाही. आणि पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर जीभ पाहत बसण्याची वेळ नसते, थेट रुग्णालय गाठायचं असतं.

का साकळलं, हा खरा प्रश्न

पाठ एकत्र करण्याची गरज इथून सुरू होते. साकळा हा परिणाम आहे, त्याचं कारण प्रत्येकात वेगळं. राग, ताण, घुसमट यांनी प्राणशक्तीचा, म्हणजे ‘छी’चा, प्रवाह अडतो आणि रक्तही थांबतं, हे एक. दुसरं थंडीचं, ज्यात हातपाय गार पडतात आणि शेकल्यावर बरं वाटतं. म्हातारपणी किंवा मोठ्या आजारानंतर रक्त ढकलायलाच जोर उरत नाही, ते तिसरं. आणि काहींच्या अंगात मुळात रक्तच कमी असतं.

म्हणून रक्त हलवणाऱ्या पाठाला कारण दूर करणारा दुसरा पाठ जोडतात. जोर कमी असलेल्याला नुसतीच रक्त हलवणारी औषधं दिली तर तो आणखी गळून जातो, असं तिथलं मत आहे. हा विचार आपल्या वैद्यांना परका वाटणार नाही. चरकसंहितेत बिघडलेल्या रक्तावर ‘विधिशोणितीय’ हा स्वतंत्र अध्याय आहे आणि सुश्रुतसंहितेत जळवा लावण्यावर एक संपूर्ण अध्याय आहे. पण दोन्हीकडची लक्षणं एकास एक जुळवायचा मोह टाळावा. रक्त बिघडलं आणि रक्त थांबलं, यांत फरक आहे.

दोन पाठांतून तिसरा

जुळवणीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे वांग छिंगरन (१७६८–१८३१) या वैद्याचा ‘शुएफू झूयू थांग’. तो १८३० मध्ये निघालेल्या ‘यीलिन काइत्सुओ’ या त्याच्या ग्रंथात आहे. ग्रंथाचा रोखच आधीच्या वैद्यांच्या चुका दुरुस्त करण्यावर होता. १७९७ च्या साथीत दगावलेल्या मुलांची उघड्यावर पडलेली प्रेतं त्याने जवळून पाहिली आणि अवयवांची चित्रं काढली. गंमत अशी की त्याचं शरीररचनेचं वर्णनही बऱ्याच ठिकाणी चुकलेलं आहे. त्याची चित्रं आता इतिहासात जमा झाली. काढा मात्र आजही रोजच्या वापरात आहे.

या काढ्यात ११ द्रव्यं आहेत. त्यांचा गाभा ‘थाओ-होंग सी-वू थांग’चा. ‘सी-वू’ हा रक्त वाढवणारा चार वनस्पतींचा जुना पाठ, त्यात पीच फळाच्या बियांचा मगज आणि करडईची फुलं घातली की तो ‘थाओ-होंग’ होतो. त्याला जोडला आहे अडलेला प्रवाह मोकळा करणारा ‘सी-नी सान’. वर आणखी दोन द्रव्यं आहेत, त्यांतलं एक औषधाला वर नेतं आणि दुसरं खाली, अशी चिनी वैद्यांची समजूत.

जुळवणीचा पहिला नियम इथेच दिसतो. दोन्ही पाठांत पिओनीचं मूळ येतं, पण वांगने ते दोनदा घातलं नाही. एकदाच घेतलं आणि साकळा काढणारी लाल जात निवडली. ‘सी-वू’तलं शिजवलेलं रेहमानिया बदलून कच्चं घेतलं, कारण कच्चं मूळ उष्णता कमी करतं. म्हणजे दोन पुड्या एका भांड्यात ओतून झालेला हा काढा नाही. प्रत्येक द्रव्य पुन्हा तपासून घेतलेलं आहे.

त्याचाच ‘बूयांग हुआनवू थांग’ पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या अंगासाठी. यात रक्त हलवणारी द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात आणि जोर देणारं हुआंगछी हे मूळ मात्र ४ लिआंग, आजच्या हिशेबात १२० ग्रॅमच्या आसपास. कारणाला किती वजन द्यायचं, ते या एका आकड्यावरून समजतं.

करडई सोलापूरची, काढा चीनचा

‘होंगहुआ’ म्हणजे आपली करडई. सोलापूर-मराठवाड्याकडे रब्बीत तेलासाठी पेरतात ती, जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. काटेरी झाडावरून पाकळ्या गोळा करणं म्हणजे हात सोलून घेणं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची ‘नारी-६’ ही जात काढली आणि पाकळ्यांच्या चहाचाही प्रसार केला. हे फूल एरवी केशरातल्या भेसळीसाठीच जास्त बदनाम.

ओळखीचं तेवढंच नाही. आपली मंजिष्ठा तिथे ‘छियानत्साओ’ आहे आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधांत मोडते. हळद साकळ्यावर वापरतात. वांगच्या काढ्यातलं ‘निउशी’ हे आपल्या आघाड्याच्याच कुळातलं. मुका मारावरच्या चिनी औषधांतलं ‘मोयाओ’ गुग्गुळाच्या जवळच्या झाडाचा डिंक आहे. म्हणून मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून चार पुड्या आणून चिनी पाठ घरीच बांधता येईल, असं काहींना वाटतं. आघाडा एकाच कुळातला असला तरी तो निउशी नव्हे.

मिसळताना काय बिघडतं

चिनी परंपरेत न जमणाऱ्या जोड्यांच्या याद्या आहेत. ‘अठरा विरोध’ आणि ‘एकोणीस भीती’ अशी त्यांची नावं. जिनसेंग आणि ‘वूलिंगझी’, म्हणजे उडत्या खारीची वाळवलेली लीद, एकत्र देऊ नये असं त्यातलं एक. वांगच्याच ओटीपोटातल्या साकळ्यावरच्या ‘शाओफू झूयू थांग’मध्ये वूलिंगझी आहे. थकलेल्या बाईला त्याबरोबर जिनसेंगचा पाठ जोडला की हा नियम मोडतो. सगळ्या जोड्यांना प्रयोगशाळेत आधार सापडलेला नाही, पण चांगला वैद्य या याद्या डोक्यात ठेवतो.

माझ्या मते याहून मोठा धोका आहे तो साध्या ज्येष्ठमधाचा. चवीसाठी आणि इतर द्रव्यांना सांभाळून घेण्यासाठी ते असंख्य पाठांत असतं. तीन तयार पाठ एकदम घेतले की त्याचं प्रमाण नकळत वाढतं. मग पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, पायांना सूज येते. जपानमध्ये १९७६ पासून अशा पाठांचे अर्क आरोग्य विम्यातून मोठ्या प्रमाणावर मिळतात, तिथल्या डॉक्टरांना हा परिणाम नेहमीचा झाला आहे.

तिसरी गोष्ट नावांच्या गोंधळाची. ‘मुतोंग’ नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जात. त्यांतल्या ‘कुआन मुतोंग’मधलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि कर्करोगही ओढवतं. चीनने २००३ मध्ये तिची औषध म्हणून मान्यता काढून घेतली. गारठलेल्या हातापायांसाठीच्या ‘तांगकुई सी-नी थांग’मध्ये मुतोंग येतं, म्हणून कोणतं, ते विचारायलाच हवं.

पुरावा कुठवर आहे

बरेचसे चिनी अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. एक मोठा अपवाद ‘थोंगशिनलुओ’ या कॅप्सूलचा. जिनसेंग, पिओनी, सालई वर्गातला डिंक, जळू, विंचू अशी द्रव्यं तिच्यात आहेत. २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत चीनमधल्या १२४ रुग्णालयांतल्या, हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या ३,७७७ रुग्णांचे निकाल होते. ३० दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना कॅप्सूल घेणाऱ्यांत ३.४ टक्के आणि नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत ५.२ टक्के. पण दोन्ही गटांना नेहमीचे आधुनिक उपचार चालूच होते. गोळ्या बंद करून कॅप्सूल घेण्याला यातून आधार मिळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर

वॉरफेरिन घेणाऱ्यांनी ‘तानशेन’ किंवा ‘तांगकुई’ ही चिनी द्रव्यं घेतल्यावर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तांगकुई ‘सी-वू’ पाठात आहेच, म्हणजे त्यावर बांधलेल्या प्रत्येक काढ्यात आहे. वॉरफेरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांपैकी काहीही चालू असेल, गर्भारपण असेल किंवा येत्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया ठरली असेल, तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. दात काढण्याआधी दंतवैद्यालाही सांगावं. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, विनाकारण उठणारे निळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

इथे हे औषध कोण देऊ शकतं

केंद्राच्या आयुष पद्धतींत आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. चिनी वनौषधी त्यात नाहीत. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, पण तो सुयांपुरता आहे. सुया टोचण्याची नोंदणी म्हणजे काढा लिहिण्याचा परवाना नव्हे. कुणी परदेशातून पाकीट आणून दिलंच, तर त्यावर प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि वजन छापलेलं आहे का ते आधी पाहावं. फक्त चिनी अक्षरं आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असा शिक्का असेल, तर पाकीट न फोडता परत द्यावं.