उभी गाडी नकाशावर दिसत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरलेला ट्रक पुण्याकडे निघाला, की थोड्याच वेळात फोन सुरू होतात : ‘गाडी कुठं पोचली?’ गाडीत जीपीएस असेल तर उत्तर मोबाइलवरच मिळतं. अक्षांश, रेखांश आणि वेळ यांची नोंद ठरावीक अंतरानं होत राहते. पण हे ठिपके नकाशावर जोडून मिळतं काय? हायवेवरच गिरवलेली एक लाल रेघ! किणी टोलनाक्यापाशी गाडी दोन मिनिटं थांबली की दोन तास, रेघ तशीच.

यावरचा उपाय जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकात पॅरिस-लियाँ गाड्यांचं वेळापत्रक आलेखाच्या रूपात छापलं होतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानकं. रेघ जितकी उभट तितकी गाडी जलद. गाडी थांबली की रेघ आडवी. आपल्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातही असाच चार्ट वापरतात. कोल्हापूर-मिरज एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदणार त्या रुकडी किंवा हातकणंगल्यासारख्या स्थानकातच. दोन स्थानकांच्या मध्ये छेदल्या, तर वेळापत्रकच चुकलं!

आता ऑगस्ट 2019 आठवा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. त्या दिवसांतले सगळे ट्रक अशा आलेखावर मांडले, तर पाण्याच्या अलीकडे आणि पलीकडे आडव्या रेघांचे दोन जुडगे दिसतील, मधे कोरा पट्टा. रस्ता खुला होताच रेघा एकामागून एक तिरप्या होत त्या पट्ट्यात शिरतील. नकाशावर ठिपके पळवणारी चित्रफीत बघायला झकास असते. पण पुढचा क्षण आला की मागचा डोळ्यांआड होतो. आलेखात सगळा आठवडा एकदम समोर असतो.

एक गंमत : उभ्या गाडीचे जीपीएस ठिपकेही स्थिर नसतात. पत्र्याच्या शेडवरून, भिंतींवरून उपग्रहाचे संदेश परावर्तित होतात आणि ठिपके जागच्या जागी पिंगा घालतात. म्हणून आडवी रेघ किंचित थरथरते. तो प्रवास समजू नये.

ट्रान्सपोर्टवाल्यांनी एकदा करून बघावं. आठवड्याच्या फेऱ्यांच्या नोंदी घ्याव्यात, एक्सेलमध्ये अंतर आणि वेळ मांडावी, आणि रेघ पुन्हा पुन्हा कुठं आडवी होते तेवढं पाहावं.