सुटलेली साखळी

गेल्या आषाढांतील गोष्ट. सायंकाळीं पाऊस नुकताच उघडला होता, आणि मी वाघ्याला घेऊन वाईच्या गणपतीघाटाकडे निघालों होतों. वाघ्या म्हणजे आमच्या पुतण्यानें आणलेला अल्सेशियन जातीचा कुत्रा; वजन पस्तीस किलोंच्या घरांत. हौस पुतण्याची, आणि पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास. तेव्हां त्याला फिरविण्याचें काम घरांतल्या रिकाम्या माणसाकडे, म्हणजे मजकडे, आलें.

घाटावर एक जुना विद्यार्थी भेटला. बोलण्याच्या भरांत साखळी मनगटाला गुंडाळण्याचें राहून गेलें. ती दोन बोटांत नुसती अडकविलेली होती. समोरून आमच्या शेजारच्या काकू आपल्या ठकीला घेऊन आल्या. ठकी पांढरी, केसाळ, चार किलोंची. वाघ्याला पाहून ती एकदां भुंकली आणि काकूंच्या पायांमागें दडूं लागली. तिची दोरी काकूंच्या हातांत पक्की होती, म्हणून तिला पळतांही आलें नाहीं. माझ्या बोटांतून साखळी निसटली. काकूंनीं आरोळी ठोकली. तोंवर वाघ्यानें ठकीला पाठीवर धरून, ओलें फडकें झटकावें तसें झटकलें. मी हात घालावयास धांवलों, तों विद्यार्थ्यानें मला मागें ओढलें आणि फुलवालीची पाण्याची बादली वाघ्याच्या तोंडावर ओतली. तेव्हां कोठें जबडा सुटला.

जखम म्हणजे दातांचीं चार भोकें. मनांत म्हटलें, थोडक्यांत निभावलें. पशुवैद्यांनीं तेथील केस कातरून मला जवळ बोलाविलें. कुत्र्याची कातडी सैल असते. मोठ्या जनावरानें लहानाला धरून झटकलें म्हणजे वर भोंक एवढेंसें दिसतें, परंतु आंत कातडी मांसापासून सुटते, स्नायु फाटतात, बरगड्या मोडतात. शिवाय दातांबरोबर गेलेली घाण आंत राहून पू धरते, तो निराळाच. म्हणून अशा प्रसंगीं जखम दिसो वा न दिसो, लहान जनावर तत्काळ पशुवैद्याकडे नेलें पाहिजे. आम्हीं नेलें होतें. तरी ठकी तिसऱ्या दिवशीं पहांटे गेली.

त्या दिवशीं आमच्या माजघरांत एक सभाच भरली. वहिनी म्हणाल्या, "तिनें आधीं भुंकावें तरी कशाला?" बंधु म्हणाले, "जनावराची जातच ती. त्याला कोण काय करणार?" मी गप्प होतों, कारण हें ऐकावयास मला बरें वाटत होतें. इतक्यांत सातवींतला नातू म्हणाला, "पण आजोबा, साखळी तर तुमच्या हातांत होती ना?"

धर्मराजानें स्वर्गाच्या दारीं कुत्र्याला टाकलें नाहीं, ही कथा आपण मुलांना आवडीनें सांगतों. महाभारताच्या आरंभींची सरमेची कथा मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. जनमेजयाच्या तीन भावांनीं सत्रमंडपांत आलेल्या तिच्या पिल्लाला मारलें. सरमा येऊन विचारते, ह्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं. मग मारलें कां? भाऊ उत्तर देत नाहींत. शाप त्या मौनानंतर येतो. हें मीं चाळीस वर्षें मुलांना शिकविलें, आणि आपल्याच माजघरांत ऐन वेळीं गप्प बसलों!

रात्रीं याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय काढून पाहिला. दांतांचीं वा शिंगांचीं जनावरें दुसऱ्यास मारीत असतां, समर्थ असूनही जो स्वामी सोडवीत नाहीं, त्याला तेथें प्रथमसाहस दंड सांगितला आहे. आणि आरोळी होऊनही सोडवीत नसेल तर दुप्पट. प्रथमसाहस म्हणजे २७० पण. मीं धडपड केली खरी; परंतु सामर्थ्य होतें तें साखळी हातांत असतां होतें, नंतर नव्हे. काकूंची आरोळी अजून कानांत आहे. माझा हिशेब मीं ५४० पणांचा मांडला. आजच्या कायद्याचें पाहूं गेलें तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचें २९१ वें कलम निष्काळजी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतें. पण तें मनुष्याच्या जिवाला वा गंभीर दुखापतीला भय असेल तेव्हां. ठकीसारखीसाठीं उरते ती नुकसानभरपाईची दिवाणी वाट. चार किलोंच्या कुत्रीसाठीं न्यायालयाची पायरी कोण चढणार?

मला खरी टोंचणी निराळीच आहे. आक्रमणापूर्वी कुत्र्याचें शरीर ताठ होतें, तोंड मिटतें, नजर एका जागीं खिळते, मानेवरचे केस उभे राहतात. शेपूट हालत असली तरी ती उंच व ताठ हालते, तिला प्रेमाची खूण समजूं नये. हीं सर्व लक्षणें मीं त्याआधीं दोनदां, कुंपणावरच्या मांजरासमोर, पाहिलीं होतीं. दोन्ही वेळां कौतुकानें घरीं येऊन सांगितलींही होतीं.

दुसरे दिवशीं मी काकूंकडे गेलों. "चूक माझी आहे," एवढेंच बोललों आणि पशुवैद्यांचें बिल मागितलें. त्यांनीं तें मुकाट्यानें दिलें. पैसे देतांना हात जड झाला नाहीं. उंबरठा ओलांडतांना पाय मात्र झाले होते.

आतां वाघ्याला तारेच्या जाळीचें मुसकें केलें आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाहीं, तें धापून अंग निववितें. म्हणून तोंड आंवळणारी चामड्याची पट्टी नको, आंत जबडा उघडतां आला पाहिजे व पाणी पितां आलें पाहिजे. प्रथम मुसक्यांत खाऊ ठेवून आठ दिवस नुसतें हुंगूं दिलें. मग सवय झाली. साखळी मनगटाला दोन वेढे घेऊनच धरतों, आणि वाटेंत कोणी भेटलें तर नमस्कार करून पुढें जातों. रेबीजची लस दरवर्षीं टोंचून घेतों. पुतण्यास पत्र लिहून कळविलें आहे कीं, दर रविवारीं येऊन आपला कुत्रा आपण फिरवावा. तो दोन रविवार आला.

काकू अजून घाटाकडे येत नाहींत. त्या मागच्या गल्लींतून देवळाला जातात.