लग्नसराईत फोटोग्राफरांनो, फ्लॅशच्या बॅटऱ्या सांभाळा! चार्जिंग आणि प्रवासात ही काळजी घ्या

नागपूर : लग्नाचा बस्ता बांधायला उमरेड, कुही, मौदा, पारशिवनीकडची मंडळी इतवारीत येतात. त्याच दिवसांत गावोगावचे फोटोग्राफर बॅटऱ्यांनी भरलेली बॅग घेऊन एसटीनं, दुचाकीवर फिरत असतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बॅटरीसाठी हाच काळ सगळ्यात धोक्याचा.

बॅटरी कोणती, ते आधी ओळखा
कॅमेऱ्यावरच्या साध्या फ्लॅशमध्ये पेन्सिल सेल लागतात. त्यावर 'निकेल मेटल हायड्राइड' किंवा 'रिचार्जेबल' लिहिलेलं असेल तरच ते चार्ज करा. साधे अल्कलाइन सेल चार्जरला लावले तर गळतात, फुटूही शकतात. जुने-नवे सेल एकत्र वापरू नका.

मोठ्या फ्लॅशमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिला तिच्याच कंपनीचा चार्जर लावा. "पिन बसते ना, मग झालं" असं चालत नाही. व्होल्टेज जुळलं नाही तर बॅटरी जास्त चार्ज होऊन आतून तापते.

चार्जिंग कुठं करायचं?
बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात. त्यामुळं पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चार्जिंग नको. कार्यक्रमात तापलेली बॅटरी आधी सावलीत थंड होऊ द्या. चार्जर फरशीवर ठेवा. गादी, मंडपाचा पडदा, कपड्यांचा ढीग यावर नाही. इतवारीत खरेदीला आल्यावर कापडाच्या दुकानात चार्जर लावून निघून जाऊ नका. तिथल्या अरुंद गल्ल्यांत, गठ्ठ्यांजवळ लागलेली आग आटोक्यात आणणं कठीण. रात्री चार्जिंगला लावून झोपणंही टाळा.

बॅगेत कशी ठेवायची?
सुट्ट्या बॅटरीच्या टोकांना किल्ली, नाणी किंवा तार लागली की शॉर्टसर्किट होतं. म्हणून टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या डबीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत बॅग ठेवू नका.

नागपूरहून विमानानं जाणार असाल तर सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेता येत नाही. हिशेब सोपा आहे : व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले १०००. म्हणजे १४.४ व्होल्ट, २९०० एमएएचची बॅटरी साधारण ४२ वॉट-अवरची.

फुगली, वास आला तर?
फुगलेली, पडून चेपलेली किंवा गोडसर रासायनिक वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. धूर निघाला तर आधी मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा, १०१ वर फोन करा. धूर विषारी असतो. जमलं तर लांबूनच भरपूर पाणी मारा. आग विझली तरी बॅटरी पुन्हा पेटू शकते.

चातुर्मासात लग्नं थांबली की फ्लॅशमधून सेल काढा. लिथियम बॅटरी निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा.

तुमच्या गावातल्या फोटोग्राफरपर्यंत ही माहिती नक्की पोहोचवा.