तेल न मुरणारे केस

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे माझी भाची अभ्यंगस्नानासाठी पाटावर बसली होती आणि मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. टाळूवर तेल पसरत होते, पण केसांवर मात्र अळवाच्या पानावरच्या थेंबासारखे नुसते बसून राहिले होते. "मावशी, उगाच तेल वाया घालवू नकोस," ती म्हणाली, "माझे केस मेलेत. पार्लरमध्ये सांगितलंय." भाऊबीज झाली की ती केस सरळ करून घेणार होती. सात हजार रुपये ठरले होते आणि त्यातले दोन हजार देऊनही झाले होते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर नाही. बावीस वर्षे औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले आणि गिऱ्हाईक नसताना बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचत गेले. त्या वाचनाच्या नादातून पुढे पुस्तके आली, शोधनिबंध आले, वह्या भरल्या. तिचे केस हातात घेतल्यावर मला वाटले ते असे, की हे केस बिघडलेले तर नाहीतच, उलट घरातल्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहेत. बिघडली आहे ती त्यांना धुण्याची पद्धत.

तसे पाहिले तर त्वचेबाहेर आलेला प्रत्येकाचाच केस निर्जीव असतो. तो केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला अतिशय पातळ खवले असतात. हे खवले मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. त्यांचे पाच ते दहा थर असतात आणि एकेक खवला मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. सगळ्यांत वरच्या खवल्यावर एका स्निग्धाम्लाचा थर रासायनिक बंधाने घट्ट चिकटलेला असतो. या थरामुळे धडधाकट केसावर पाणी चटकन पसरत नाही. खवले सपाट बसलेले आणि हा थर टिकलेला असेल, तर पाणी, तेल किंवा रंग आत शिरायला वेळ लागतो. अशा केसांना 'लो पोरॉसिटी' म्हणजे कमी सच्छिद्र केस म्हणतात. ब्लीच, रंग, सरळ करण्याची रसायने आणि कडक इस्त्री यांनी तो थर निघून जातो, खवले उचकटतात आणि केस सच्छिद्र होतो.

म्हणजे कमी सच्छिद्रता हा आजार नाही. अशा केसांना पाणी लागतच नाही, हेही खरे नाही. पुरेसा वेळ दिला तर केस आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी धरू शकतो. फक्त त्याला वेळ लागतो. खरी अडचण वेगळीच आहे. जे आत जात नाही ते वर साचते. तेल, सिलिकॉन, कंडिशनर आणि पाण्यातले क्षार यांचे पुट एकावर एक चढते. मग केस निस्तेज, चिकट, तरीही हाताला राठ लागतात. त्याला आपण कोरडेपणा समजतो, आणखी तेल थापतो आणि पुट आणखी वाढवतो.

आपले केस कसे आहेत हे पाहण्यासाठी ग्लासभर पाण्यात केस टाकायची एक चाचणी फार लोकप्रिय आहे. तरंगला तर कमी सच्छिद्र, बुडाला तर जास्त. मी भाचीचाच एक केस टाकून पाहिला, तो तरंगला. मग सुईच्या टोकाने त्याला पाण्याखाली ढकलले, तर तोच केस तळाला गेला. केरॅटिनची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट आहे. केस वर राहतो तो पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि अंगावरच्या तेलकटपणामुळे. त्यापेक्षा तेल-कंडिशनर न लावता केस स्वच्छ धुवावेत, वाळू द्यावेत आणि एका बटेवर पाण्याचे थेंब सोडावेत. थेंब बराच वेळ मण्यांसारखे राहिले, तर केसाचा पृष्ठभाग शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. बट मुळाशी आणि टोकाशी, दोन्हीकडे तपासावी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसाचे टोक पाच वर्षांचे जुने असते आणि त्याने तेवढे ऊन, कंगवे आणि साबण सोसलेले असतात. एकाच डोक्यावर मुळाशी कमी सच्छिद्र आणि टोकाशी जास्त सच्छिद्र केस असणे अगदी सामान्य आहे.

अशा केसांवर एक उपाय सर्रास सांगितला जातो, तो म्हणजे खायचा सोडा लावून खवले 'उघडायचे'. खवले म्हणजे दार नव्हे, की उघडले आणि पुन्हा लावून घेतले. सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो, टाळूचा साडेपाचच्या आसपास. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्यावरचा ऋणभार वाढतो आणि केस एकमेकांवर घासून खवले तुटतात. अंगाच्या साबणाने केस धुण्यातही हाच धोका आहे. त्यात पाणी दुष्फेन असेल तर साबणाचा न विरघळणारा साका केसांवर बसतो. आमच्या इमारतीला बोअरचे पाणी येते. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच डोक्यावरही धरत असणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आता शॅम्पू कसा निवडावा? पुढच्या बाजूचे 'पोषण', 'रेशमी' हे शब्द सोडून द्यावेत आणि बाटली उलटी करावी. घटकांच्या यादीत साधारणपणे जास्त प्रमाणातले घटक आधी येतात. पाण्यानंतर येतो तो मळ काढणारा घटक. सोडियम लॉरेथ सल्फेट असेल तर शॅम्पू चांगला जोरकस असतो. कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा ग्लुकोसाइड वर्गातले घटक त्यामानाने सौम्य असतात. कमी सच्छिद्र केसांसाठी सल्फेट शत्रू नाही. नेहमीच्या न्हाण्याला सौम्य शॅम्पू आणि पुट चढल्यासारखे वाटले की, म्हणजे महिन्यातून एक-दोनदा, जोरकस शॅम्पू, अशी वाटणी मला उपयोगी पडली. यादीत डायमेथिकोन, पॉलिक्वाटर्नियम, तेले आणि शिया बटर यांची गर्दी असेल तर तो शॅम्पू अशा केसांसाठी नव्हे. पाणी जड असेल तर डायसोडियम ईडीटीए असलेला शॅम्पू घ्यावा. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतो. सामू पाच-साडेपाच लिहिलेला असेल तर उत्तम. मात्र सगळेच शॅम्पू तसे नसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२३ शॅम्पू तपासले होते, त्यांपैकी पाच किंवा त्याहून कमी सामू असलेले जेमतेम ३८ टक्के निघाले.

वापरण्याची रीत निवडीइतकीच महत्त्वाची. आधी कोमट पाण्याने केस तीन-चार मिनिटे नीट भिजू द्यावेत. या केसांना भिजायलाच वेळ लागतो आणि वरवर ओल्या केसांवर शॅम्पू सारखा पसरत नाही. कोमट पाण्याने तेल सैल होते, कढत पाण्याने टाळू कोरडी पडते. शॅम्पू मगात पाणी घालून पातळ करावा आणि बोटांच्या पेरांनी टाळूला चोळावा. शॅम्पू हा शब्द मुळात आपल्याकडच्या चंपीच्याच कुळातला, मालिश या अर्थाने इंग्रजीत गेलेला. लांब केसांना खाली ओघळणारा फेस पुरतो. तेल लावलेले असेल तर थोड्या शॅम्पूने दोनदा धुवावे, एकदाच भरमसाट घेऊ नये. मग हाताला निसरडेपणा लागेनासा होईपर्यंत खळखळून पाणी घ्यावे. कंडिशनर चमचाभरच, तोही खालच्या निम्म्या केसांना, आणि तोही धुऊन टाकायचा.

मग अभ्यंगाच्या तेलाचे काय? २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज लक्षणीयरीत्या कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातले लॉरिक आम्ल सरळ साखळीचे आणि लहान असल्यामुळे केसात शिरू शकते. तेव्हा न्हाण्याआधी खोबरेल लावण्याची आपली पद्धत योग्यच आहे. फक्त अशा केसांना चमचा-दीड चमचा पुरे, वाटीभर नको, आणि धुतल्यानंतर पुन्हा तेलाचा हात नको.

त्या दिवाळीत भाचीचे केस मी या रीतीने धुतले, आठवड्याने पुन्हा धुतले. तिसऱ्या न्हाण्यानंतर केस मोकळे झाले, वाऱ्यावर हलू लागले. तिने पार्लरला फोन करून वेळ रद्द केली. दोन हजार परत मिळाले नाहीत. सरळ करण्याच्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगकारक ठरवला आहे. हे मी तिला सांगितले होते, पण तिला पटले ते तिच्या स्वतःच्या केसांमुळेच.

यंदाही ती पाटावर बसेल. तेल केसांवर तसेच तरंगत राहील, आणि आता त्याची दोघींनाही काळजी वाटणार नाही.