अंगणवाडीचे बीट

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, अमरावती जिल्ह्याच्या हद्दीला लागून आष्टी तालुका आहे. १९४२च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांमुळे गावाच्या नावाला ‘शहीद’ जोडले गेले. एरवी हा संत्र्याच्या बागांचा आणि सोयाबीन, कपाशी, तुरीचा मुलूख. तळेगाव (श्यामजीपंत) महामार्गावर असल्याने वर्दळीचे, पण आत शिरले की गावे लहान आणि पांगलेली. अशा ठिकाणी तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण म्हणजे मुख्यतः अंगणवाडी. तिच्याविषयी बोलणे निघाले की सेविका येते, तिचे मानधन येते, आहार येतो, नव्या योजनेचे नाव येते. बीट मात्र क्वचितच येते. साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा गट म्हणजे एक बीट. त्याची जबाबदारी पर्यवेक्षिकेकडे. जुन्या सेविका तिला अजून मुख्य सेविकाच म्हणतात. तिच्या वर प्रकल्पाचे बालविकास प्रकल्प अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग. गावोगाव अंगणवाडी पोचवणे वरच्या आदेशांनी साधले. तिच्या चार भिंतींत मुलाला काय मिळते, हे सुधारायचे तर ते बीटाच्या पातळीवरच सुधारेल. आज बीटाकडून आपण जे काम करून घेतो ते मात्र भलतेच आहे.

पोचवण्याच्या कामाला नावे ठेवायचे कारण नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मेळघाटातले धारणी त्यांत होते. ते शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. पुढे निकष ठरले: ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, १५० ते ४०० वस्तीला मिनी अंगणवाडी. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात याहून पुढचे पाऊल टाकले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा आदेश दिला. आज महाराष्ट्रात मंजूर अंगणवाड्यांची संख्या एक लाख दहा हजारांच्या घरात आहे. हे घडू शकले याचे कारण साधे आहे. वस्ती मोजता येते, मुले मोजता येतात, वर्षातले आहाराचे तीनशे दिवस मोजता येतात. जे मोजता येते त्यावर दिल्लीहून, मुंबईहून लक्ष ठेवता येते आणि चुकले तर न्यायालयात दादही मागता येते.

अंगणवाडीतल्या शिकण्याचे तसे नाही. समजा चार-पाच वर्षांची एक मुलगी सुपातल्या मिसळलेल्या बिया वेगळ्या करते आहे. तुरीचा एक ढीग, हरभऱ्याचा एक, सीताफळाच्या बियांचा एक. सेविका विचारते, जास्त बिया कशात? मुलगी सीताफळाकडे बोट दाखवते. ढीग ठसठशीत दिसतो खरा, पण बिया मोठ्या आहेत म्हणून. मोजल्या तर तुरीच्याच बिया दुप्पट निघतील. इथे सेविका ‘चूक’ म्हणून पुढे गेली तर मुलगी गप्प होते. दोन्ही ढिगांतली एकेक बी समोरासमोर मांडायला लावली तर आकार वेगळा आणि संख्या वेगळी हे तिचे तिलाच कळते. शिक्षणाचा दर्जा म्हणतात तो हाच, आणि तो या अर्ध्या मिनिटात ठरतो. तो कोणत्याही रजिस्टरात उमटत नाही. जवळ बसून पाहणारे आणि नंतर सेविकेशी त्यावर बोलणारे माणूस असेल तरच तो वाढतो. अधिकारपदाने आणि अंतराने असे माणूस एकच आहे: पर्यवेक्षिका. पण तिची भेट जाते हजेरी, साठा, वजन-उंचीच्या नोंदी, अतितीव्र कुपोषित मुलांची यादी आणि भेटीचा फोटो यांत. मार्च २०२१ पासून या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे अॅप आले. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन सदोष होते आणि अॅपची भाषा इंग्रजी, ही त्यांची तक्रार होती. बीटाची मासिक बैठकही बहुतेक वेळा अहवाल गोळा करण्याची आणि राहिलेल्या नोंदी पुऱ्या करून घेण्याची असते.

कुपोषणाची नोंद फालतू आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या योजनेने मुले जगवली तिने वजनकाटा सोडू नये. पण त्या काट्याने बीटाचा सगळा वेळ खाल्ला आहे, आणि वर्धा जिल्ह्यात तरी हे विशेष खटकावे. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेली नई तालीम सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. १९४५च्या सेवाग्राम परिषदेपर्यंत गांधीजींनी तिची व्याप्ती जन्मापासून मरणापर्यंत वाढवली आणि पूर्व-बुनियादी शिक्षण तिचा भाग झाले. सेवाग्रामला शांता नारूलकरांनी बालवाडीचे काम उभे केले. स्वच्छता, खेळ, आहार, आईशी संपर्क आणि गावात मिळतील त्याच वस्तू असे ते काम. त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या आणि पुढे दोघींचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. नाव सरकारी योजनेने उचलले. कोसबाडची रचना मात्र तिथेच राहिली. त्या रचनेत मुले गोळा करणारे, शिकवणारे, शिकवणाऱ्यांना घडवणारे आणि जाऊन पाहणारे एकच केंद्र होते. एका हातात प्रवेश आणि दुसऱ्या हातात दर्जा अशी वाटणी नव्हती. इटलीच्या रेज्जो एमिलिया शहरातही, लोरिस मालागुत्सी यांच्या प्रेरणेने १९६३पासून वाढलेल्या नगरपालिकेच्या बालशाळांत, काही मोजक्या केंद्रांमागे एक शिक्षणसमन्वयक असतो. त्याचे काम शिक्षिकांबरोबर मुलांच्या कामाचा विचार करणे हे असते. पुढे त्या प्रांताच्या कायद्यातही अशा समन्वयाला जागा मिळाली. श्रीमंत इटलीची उदाहरणे इथे देऊन उपयोग काय, हा प्रश्न रास्तच आहे; म्हणून कोसबाड आधी सांगितले.

यावर पहिला आक्षेप सेविकांच्या बाजूने येईल, आणि तो वजनदार आहे. अगोदरच बाई एकटी, कामे ढीगभर, त्यात आणखी देखरेख? डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा जवळपास पन्नास दिवस संप या राज्यातल्या सेविका-मदतनीसांनी केला. २०१८ मध्ये त्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावायचा प्रयत्नही झाला होता आणि तो स्थगित करावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही लढल्यावरच. या पार्श्वभूमीवर ‘गुणवत्ता’ हा शब्द त्यांना नव्या जाचासारखा वाटला तर नवल नाही. तामिळनाडूतल्या एका अभ्यासाने याच प्रश्नाला हात घातला. गॅनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स यांनी ३२० अंगणवाड्या पाहिल्या. ज्यांना अर्धवेळ जादा कर्मचारी मिळाली तिथे शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा-गणित सुधारले, आणि तीव्र कुपोषणही घटले. म्हणजे वेळ हा पहिला प्रश्न, हे मान्यच. पण वाढलेल्या वेळेत काय करायचे हा प्रश्न तरीही उरतोच, आणि बियांच्या त्या सुपाजवळ कोणी बसल्याखेरीज तो सुटणार नाही. देखरेख सेविकेवर नसावी, तिच्या सोबत असावी. त्यासाठी पर्यवेक्षिकेच्या डोक्यावरचे आकडे आधी कमी केले पाहिजेत. एकच माहिती रजिस्टरात, अॅपवर आणि मासिक अहवालात तीनदा भरण्याचे कारण काय, हे कोणी धडपणे सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप आईवडिलांचा. तळेगाव-आष्टीसारख्या गावांत ज्यांना परवडते ते तीन वर्षांच्या मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालतात, गणवेश-टायसकट. लोकांनी आपला निर्णय दिला आहे, मग बीट सुधारून काय होणार? इथे असर सेंटर आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या ग्रामीण मुलांचा केलेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. अंगणवाडी खेळाच्या नावाखाली पुष्कळदा नुसती बसवून ठेवते आणि खासगी केंद्र पाटीवर अक्षरे घोटवते. दोन्हीकडे वयाला साजेसे काम कमीच सापडले. जिथे ते होते तिथली मुले पहिलीसाठी अधिक तयार निघाली. तेव्हा कॉन्व्हेंट हा उपाय नाही आणि आईवडील मूर्खही नाहीत. अंगणवाडीत मूल काय शिकले हे त्यांना कधी दाखवलेच गेले नाही. कॉन्व्हेंटमध्ये निदान वही तरी दिसते.

तिसरा आक्षेप धोरणाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानते. मग तीन वर्षांपासूनची मुले सरळ जिल्हा परिषद शाळेला जोडावीत, महिला-बालविकासचे मधले दार कशाला? केंद्राने २०२४ मध्ये ‘आधारशिला’ हा तीन ते सहासाठीचा अभ्यासक्रम अंगणवाडीलाच दिला, त्यामुळे तूर्त तरी ते दार बंद होत नाही. आणि व्हायलाही नको, कारण आहार, लसीकरण आणि गरोदर आई यांच्यापासून लहान मुलाचे शिकणे तोडले तर पहिले नुकसान सर्वांत गरीब घराचे होईल. पण आक्षेपातला खरा भाग उचलायला हवा. शाळांचीही बीटासारखीच एक रचना आहे: केंद्र. राज्यात अशी ४,८६० केंद्रे, प्रत्येकाला केंद्रप्रमुखाचे पद, आणि शिक्षकांची शिक्षण परिषद. एकाच गावात सेविकांची बीट बैठक एका दिवशी, शिक्षकांची परिषद दुसऱ्या दिवशी, आणि जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांविषयी दोघांत एक शब्द नाही. आष्टीसारख्या तालुक्यात बीट आणि केंद्र यांच्या हद्दी एकमेकींवर बसवल्या, वर्षातून काही बैठका एकत्र घेतल्या आणि अंगणवाडीतल्या मुलाची नुसती यादी न देता त्याला काय जमते हेही पहिलीच्या शिक्षकाला सांगितले, तर यासाठी नवे खाते काढायला लागत नाही. लागतात त्या जिल्हा परिषदेतल्या दोन विभागप्रमुखांच्या सह्या.

आणि हद्दीचा प्रश्न तालुक्याबाहेरही जातो. आष्टीची उत्तरेकडची गावे आणि मोर्शी-वरूड यांच्यात जिल्ह्याची रेघ आहे. बागांच्या, बाजारांच्या, नातेवाइकांच्या बाबतीत ती कोणी पाळत नाही. संत्र्याच्या तोडीला मेळघाटातून आणि मध्य प्रदेशातून मजूर येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात. त्या मुलांचे नाव मूळ गावच्या यादीत असते आणि पाय दुसऱ्या जिल्ह्याच्या बांधावर. आहाराची नोंद अॅपवरून एका अंगणवाडीतून दुसरीत हलवता येते, पण तिथे नवीन मूल आले आहे, ते कोरकू बोलते, त्याला दोन आठवडे तरी जवळ घ्यावे लागेल, हे सेविकेला सांगणारा फोन धारणीच्या पर्यवेक्षिकेकडून आष्टीच्या पर्यवेक्षिकेला यावा लागतो. तो करणे आज कोणाच्याही कामाच्या यादीत नाही. हंगाम दरवर्षी ठरलेला, कुटुंबे बहुतेक ठरलेली, बागाही त्याच. दोन्ही जिल्ह्यांच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी तोडीच्या आधी एकदा बसून गावे वाटून घेतली तरी सुरुवात होईल.