नवी म्हणवली जाणारी जुनी अळी

२०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची बोंडं फोडली तेव्हा आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी निघाली. त्यानंतर गावच्या पारावर, कृषी केंद्राच्या काउंटरवर आणि मोबाइलवर या अळीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. सगळी चर्चा कोणतं औषध मारायचं याची होती. ही अळी नेमकी कोणत्या जातीची, तिचं वर्णन कोणी आणि कुठल्या नमुन्यांवरून केलं, तिचे सख्खे भाऊबंद कोण, हे प्रश्न संग्रहालयातल्या लोकांचे म्हणून बाजूला पडले. माझ्या मते शेतातले निम्मे गैरसमज या दुर्लक्षातूनच आलेले आहेत.

‘ही नवी कीड आहे, बीटी बियाण्याबरोबर आली’

बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली २००२ साली. या किडीचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याच्या जवळजवळ एकशेसाठ वर्षं आधीचं आहे, आणि ते ज्या नमुन्यांवरून झालं ते आपल्याच शेजारचे, भडोचचे. तेव्हा भडोच मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या कापूस लागवडीची नासाडी करणारे पतंग लंडनला पाठवले गेले आणि विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी त्यांना ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’ असं नाव दिलं. सॉन्डर्स पेशाने लॉइड्समधले विमा व्यावसायिक, पण कीटकशास्त्रात एवढे मुरलेले की लंडनच्या एंटमॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. वर्णनाचं साल पुस्तकांत कुठे १८४३, तर कुठे १८४४ छापलेलं दिसतं. लेखाचा विषयच मुळी भारतातल्या कापसाची नासाडी करणारा पतंग हा होता. म्हणजे या अळीची शास्त्राशी पहिली ओळख झाली तीच कीड म्हणून.

प्रवासाची दिशाही लोक समजतात त्याच्या उलटी आहे. १९०६-०७च्या सुमारास भारतातून गेलेल्या कापसाबरोबर ती इजिप्तला पोचली, इजिप्तच्या सरकीतून १९११ला मेक्सिकोत गेली आणि १९१७ला टेक्सासात सापडली. बाहेरून आपल्याकडे नव्हे, आपल्याकडून बाहेर. तिचं अगदी मूळचं घर भारतीय उपखंड की ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाचा पट्टा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण अमेरिकेतून ती आलेली नाही एवढं नक्की.

मग ती नवी का वाटली? १९८०च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारण्यांनी तिला मागे रेटलं आणि हिरवी बोंडअळी वरचढ झाली. पुढे बीटीने काही वर्षं सगळ्याच बोंडअळ्या दाबून ठेवल्या. एका पिढीने शेंदरी अळी (आपल्याकडचं तिचं दुसरं नाव) पाहिलीच नाही. वडिलांना माहीत असलेली कीड मुलाला नवी वाटली, एवढंच.

‘बोंडअळ्या सगळ्या एकाच कुळातल्या, रंग तेवढा वेगळा’

बोंड खाणं हा त्यांचा धंदा समान आहे, नातं नाही. हिरवी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही नॉक्ट्युइडी कुळातली, ठिपक्यांची बोंडअळी म्हणजे इरिअस ही नोलिडी कुळातली, आणि गुलाबी ही गेलेकिइडी कुळातली. पहिल्या दोघी एकमेकींच्या थोड्या जवळच्या, तिसरी दोघींपासून फार लांब. गेलेकिइडी हे बारीक पतंगांचं अवाढव्य कुळ आहे. त्यात साडेचार हजारांहून जास्त जातींचं वर्णन झालेलं आहे. बटाट्यावरची पाकोळी याच कुळातली, साठवणीच्या धान्यातला पतंगही याच कुळातला, आणि २०१४मध्ये पुणे परिसरात पहिल्यांदा दिसलेली टोमॅटोची नागअळीही. आत शिरून, डोळ्यांआड राहून खायचं हा या घराण्यातल्या कित्येकांचा शिरस्ता.

नात्याचा हा फरक शेतात लगेच दिसतो. हिरवी अळी बोंडात अर्धी आत, अर्धी बाहेर राहून खाते आणि एका बोंडावरून दुसऱ्यावर जाते. तिला फवारा लागू शकतो. गुलाबी अळी कोवळ्या बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजून जातं आणि ती सरकी खात आतच राहते. फुलात असेल तर पाकळ्या रेशमाने जखडून डोमकळी करते. तिच्यावर हिरव्या अळीची फवारणी करणं म्हणजे बंद दारावर पाणी मारणं.

जाता जाता हिरवीच्या ‘अमेरिकन बोंडअळी’ या दुसऱ्या नावाबद्दलही सांगून टाकतो. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा मूळची अमेरिकन नाहीच, ती जुन्या जगातली. अमेरिकेतली तिच्यासारखी दिसणारी जात वेगळी आहे आणि हा घोळ १९६५मध्ये हार्डविक यांनी हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली तेव्हा कुठे निस्तरला.

‘अळी गुलाबी म्हणजे गुलाबी बोंडअळी, आणि पतंग पंखांवरून ओळखता येतो’

अंड्यातून निघालेली ही अळी पांढरट असते, डोकं तेवढं तपकिरी. गुलाबी पट्टे वाढीच्या शेवटी येतात. म्हणजे जिच्यावर उपाय करण्यात अजून अर्थ आहे ती अळी गुलाबी नसते, आणि गुलाबी दिसते तेव्हा सरकी खाऊन झालेली असते. उलट, बोंडात दिसणारी प्रत्येक गुलाबी अळी हीच असते असंही नाही. सडक्या बोंडांवर जगणाऱ्या, निराळ्याच कुळातल्या काही बारीक पतंगांच्या अळ्याही गुलाबी असतात. अमेरिकेत १९१७नंतर हा गोंधळ एवढा वाढला की कार्ल हाइनरिक यांनी १९२१मध्ये केवळ ‘हिच्याशी गल्लत होऊ शकणाऱ्या’ पतंगांवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यात अळीच्या अंगावरच्या केसांची जागा आणि पोटाखालच्या पायांवरच्या सूक्ष्म आकड्यांची मांडणी पाहायची. रंग शेवटी.

पतंगाचंही तसंच. पंख पसरून दीड ते दोन सेंटिमीटर, पुढचे पंख अरुंद, करडे-तपकिरी आणि त्यावर गडद अस्पष्ट डाग. मागचे पंख रुपेरी करडे, टोकाला अणकुचीदार आणि कडेने लांब झालर. तोंडाजवळच्या दोन मिशा वर वळलेल्या. एवढं वर्णन गेलेकिइडीतल्या शेकडो जातींना लागू पडतं. शिवाय सापळ्यात चोवीस तास फडफडलेल्या पतंगाच्या पंखांवर खवले उरतात किती? म्हणून वर्गीकरण करणारा माणूस पंख सोडून पोटाकडे वळतो. पोटाचा भाग कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात कोमट करून आतलं मांस विरघळवायचं आणि उरलेले जननांगांचे कडक भाग काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ही किळसवाणी चिकाटी वाटते खरी, पण या कुळात जातीचा निवाडा बहुधा तिथेच होतो.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट याचा उत्तम दाखला आहे. क्वीन्सलंडच्या कापसातही बोंडात गुलाबी अळी होती. तिच्यावरचे पट्टे ठिपक्यांसारखे तुटक दिसत, पण एवढ्या फरकावरून कोण जात बदलतो? होल्डवे यांनी १९२६मध्ये ती वेगळी जात असल्याचं मांडून तिला ‘स्क्युटिजेरा’ नाव दिलं. शंका घेणारे होतेच. मग १९२९मध्ये त्यांनी पुन्हा लेख लिहिला, या वेळी जननांगांचा पुरावा देऊन. पुढे १९५८मध्ये इयन कॉमन यांनी ऑस्ट्रेलियातल्या या सगळ्या गोतावळ्याची फेरतपासणी केली आणि ‘एन्डेमा’ ही तिसरी जात वेगळी काढली. म्हणजे गुलाबी बोंडअळीची प्रजाती एकुलती नाही: गॉसिपिएला, स्क्युटिजेरा, एन्डेमा अशा तिघी आहेत. बाकीच्या दोघी ऑस्ट्रेलियातल्या. जगभर उच्छाद मांडला तो एकटीने.

नवी जात सापडते ती दाट जंगलातच, अशीही एक समजूत असते. स्क्युटिजेरा सापडली ती नांगरलेल्या शेतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

‘शास्त्रज्ञ नावं उगाच बदलत बसतात’

या पतंगाच्या बाबतीत तक्रार समजण्यासारखी आहे. सॉन्डर्स यांनी त्याला डिप्रेसारियात घातलं, कारण १८४०च्या दशकात बारीक पतंगांच्या प्रजाती म्हणजे कशालाही सामावून घेणारी गाठोडी होती. आज डिप्रेसारिया वेगळ्याच कुळात मोडते. १९१२मध्ये ड्युरंट यांनी हा पतंग गेलेकिया प्रजातीत नेला. १९१७मध्ये ऑगस्ट बुस्क या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने त्याचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की तो तिथेही बसत नाही. त्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती उभी केली: पेक्टिनोफोरा. शृंगिकेच्या बुडच्या पेरावर ताठ केसांची एक रांग असते, तिच्यावरून हे नाव आलं. तरीही मेरिक यांच्या प्लॅटिएड्रा या प्रजातीत त्याला घालणारे बरेच होते, आणि आपल्याकडच्या जुन्या कृषी-पुस्तकांत ‘प्लॅटिएड्रा गॉसिपिएला’ असंच सापडतं. कॉमन यांच्या १९५८च्या कामानंतर पेक्टिनोफोरा पक्कं झालं.

बदललं काय ते पाहा. प्रजातीचं नाव चारदा फिरलं, ‘गॉसिपिएला’ एकदाही हललं नाही. जातीचं पहिलं नाव टिकवायचं हा नियम आहे आणि म्हणूनच सॉन्डर्स यांचं नाव आज कंसात लिहितात: वर्णन त्यांचं, प्रजाती नंतर बदलली, हे त्या कंसातूनच कळतं. प्रजातीचं नाव बदलणं म्हणजे नात्याबद्दलची समज सुधारणं. टोमॅटोच्या नागअळीचं टुटा हे नाव सोडून २०२१मध्ये तिला बटाट्याच्या पाकोळीच्या फ्थोरिमिया या प्रजातीत घेतलं गेलं, तेही याच कारणाने. कृषी अधिकाऱ्यांची पत्रकं बदलायचा त्रास होतो हे मान्य, पण चुकीचं नातं मिरवण्यापेक्षा तो परवडला.

‘बीटीला न जुमानणारी अळी ही वेगळीच जात आहे’

नाही. जात तीच. गुजरातमध्ये क्राय१एसी या पहिल्या बीटी प्रथिनाला दाद न देणाऱ्या अळ्यांची नोंद २०१०पर्यंत जाहीर झाली. दोन जनुकांच्या बीटीतलं दुसरं प्रथिन, क्राय२एबी, तेही काही वर्षांत निकामी ठरलं. या अळ्यांच्या पतंगांची काचपट्टी केली तर सॉन्डर्स यांच्या जातीहून वेगळं काहीही दिसणार नाही, आणि साध्या पतंगांशी त्यांचा संकर बिनदिक्कत होतो. फरक जनुकांत आहे. बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या पेशींवर ज्या प्रथिनांना धरतं त्यातलं एक कॅडहेरिन. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत त्याच कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड आढळले. कुलूप बदललं की किल्ली चालत नाही.

अळीला बीटीची सवय झाली असंही म्हणतात. एखाद्या अळीला सवय होत नाही. ज्यांच्यात बिघाड आधीच होता त्या वाचल्या आणि त्यांची संतती वाढली. क्राय१एसीचा हा प्रतिकार आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच अळी तगते. म्हणूनच शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल ते लावायचा नियम होता आणि बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. त्या ओळींत वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि पुढची पिढी पुन्हा बीटीने मरेल, हा हिशेब. संकर होणार, कारण जात एक. ती छोटी पाकिटं बांधावर फेकली गेली आणि हिशेब चुकला. नवी जात म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘जात कळून शेतकऱ्याला काय मिळणार?’

या एकाच प्रश्नाला मी खरोखर हट्टाने उत्तर देईन. मादीचा कामगंध ‘गॉसिप्लूर’ १९७३मध्ये ओळखला गेला. दोन जवळच्या रसायनांचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण. कामगंध सापळ्यातली वडी त्याचीच. हिरव्या बोंडअळीची वडी लावून गुलाबीची वाट पाहणारा सापळा रिकामाच राहणार. गुलाबीची वडी लावली तरी त्यात फक्त नर येतात, आणि कधी चुकून भलतेही पतंग.

जात कळली की तिचा दुबळेपणाही कळतो. ही अळी मुख्यतः कपाशीवर आणि तिच्या जवळच्या झाडांवरच जगते. हिरवीसारखी तूर, हरभरा, टोमॅटो असं दिसेल ते खात नाही. दिवस लहान झाले की शेवटच्या पिढीतल्या पुष्कळ अळ्या दोन सरक्या एकमेकींना जोडून आत सुप्तावस्थेत जातात. अशा जोडसरक्या जिनिंगच्या आवारात जातात, शेतातल्या पऱ्हाट्यांतही राहतात. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी, ठेवली की तिला खाद्य मिळत राहतं. अमेरिकेने पीक संपवण्याच्या ठरलेल्या तारखा, बीटी, कामगंध आणि वंध्य पतंग सोडणं हे सगळं एकत्र चालवून २०१८मध्ये ही कीड आपल्या कापूस-पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. मुख्यतः कपाशीलाच चिकटलेली जात असल्यामुळे ते जमणं सोपं गेलं.

आपल्याकडे आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ नर, किंवा दहा फुला-बोंडांमागे एक जिवंत अळी. आकडा लिहिण्याआधी सापळ्यातले पतंग भिंगाखाली धरा, मागच्या पंखाचं अणकुचीदार टोक आणि वर वळलेल्या मिशा पाहा, शंका असेल तर नमुना कागदाच्या पुडीत तारीख-ठिकाण लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. आणि फरदड घेऊ नका.