मुक्तस्रोत कूटबद्धीकरण साधने आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची सुरक्षितता : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची मोठी वस्ती आहे. येथील विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी ‘महाडीबीटी’ या शासकीय पोर्टलवर अर्ज करतात. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक व बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. छाननी महाविद्यालयातच होत असल्याने या कागदपत्रांच्या प्रती कार्यालयीन संगणकावर, पेन ड्राइव्हवर, प्रसंगी प्राध्यापकांच्या ई-मेलमध्येही साठतात. पोर्टल कितीही सुरक्षित असले तरी या प्रतींना त्याचे संरक्षण लाभत नाही.

योग्य किल्लीवाचून वाचता येऊ नये असे मजकुराचे गणिती रूपांतर करणे म्हणजे कूटबद्धीकरण अथवा एन्क्रिप्शन होय. मुक्तस्रोत साधनाची आज्ञावली कोणालाही तपासता येते. कुलपाची रचनाच जगजाहीर असेल तर ते कुलूप कसले, अशी शंका येथे स्वाभाविकपणे उपस्थित होते. तिचे उत्तर ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच दिले होते : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख शतकानुशतके कोणालाही वाचता येत नव्हता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी लिपीचा उलगडा केला आणि तिच्यातील सर्वच लेखांची वाट मोकळी झाली. रीत लपविण्यावर विसंबलेली गुप्तता अशी एकदम कोसळते. याउलट २००१ मध्ये प्रमाण ठरलेली एईएस पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडली गेली व आजही व्यवहारात अभेद्य मानली जाते.

अर्थात खुलेपणा ही निर्दोषतेची हमी नव्हे. ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष सुमारे दोन वर्षे वापरात राहून एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. म्हणून साधन अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि अद्ययावत ठेवावे.

पेन ड्राइव्हसाठी व्हेराक्रिप्ट सोयीचे आहे. त्यात एक बंदिस्त कप्पा तयार होतो व परवलीचा शब्द दिल्यावरच तो उघडतो. ई-मेलने यादी पाठवायची असल्यास सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ निवडून, फाइलींची नावेही झाकून संच तयार करावा. परवलीचा शब्द मात्र दूरध्वनीवरून कळवावा. तो त्याच ई-मेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलपालाच किल्ली अडकवून ठेवणे होय. जीएनयूपीजी अधिक भक्कम आहे, परंतु दोन्ही बाजूंना किल्ल्यांची व्यवस्था करावी लागत असल्याने लहान कार्यालयात ते रुजणे कठीण. ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. हल्लेखोरांनी यंत्रणेतच शिरून बनावट मंजुऱ्या दिल्या होत्या. संगणकच परक्याच्या ताब्यात गेला, तर उघडलेला कप्पा त्यालाही दिसतो. तेथे कूटबद्धीकरण निरुपयोगी ठरते.

महाविद्यालयांपुढील अधिक नित्याचा धोका मात्र निराळाच आहे. परवलीचा शब्द एकट्या लिपिकाला ठाऊक असतो आणि त्याची बदली वा निवृत्ती होते. व्हेराक्रिप्टमध्ये विसरलेला शब्द परत मिळविण्याची सोय नाही. माहिती कायमची जाते. त्यामुळे हा शब्द मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवणे आणि कर्मचारी बदलताच तो बदलणे आवश्यक ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेच्या उपायांत त्यांनी एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख केला असून, ही तरतूद लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.